गाडी पुळणीत रुतली तर: आधी पाय काढा, मग फावडं काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की मागच्या डिसेंबरात दापोली साइडला बीचवर आय-ट्वेंटी उतरवलीत, वळवताना पुढची चाकं रुतली, घरच्यांनी ढकलून बघितलं, फ्लोअर मॅट टाकून झाल्या, क्लच जळल्याचा वास आला आणि शेवटी ट्रॅक्टरवाल्याला ४ हजार मोजावे लागले. आता परत यायचंय, तर तेव्हा नेमकं काय चुकलं आणि गाडीत काय सामान ठेवावं.

मी त्या ट्रॅक्टरवाल्यांपैकीच एक. तुमच्याकडून ४ हजार घेतले तो मी नाही, पण घेतलेही असते, कारण काळोख पडल्यावर आणि पाणी चढताना ट्रॅक्टर पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, घालायचा म्हणजे त्याचाही जीव धोक्यात असतो. छोटं गॅरेज आहे, १८-२० वर्षं सीझनला हाच जोडधंदा. दिवाळी ते ३१ डिसेंबर एकेका संध्याकाळी दोन-दोन तीन-तीन गाड्या काढल्यात, आणि पावसाळ्यात साइडपट्टीवरून गटारात गेलेल्या वेगळ्या. तर माझाच धंदा बुडवणारं सगळं सांगतो.

पहिलं म्हणजे गाडी वाळूत रुतत नाही हो, रुतवली जाते. चाक पहिल्यांदा जागेवर फिरलं तेव्हा ते जेमतेम दोन-तीन बोटं खाली गेलेलं असतं. त्या क्षणाला ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तर दहातल्या सात गाड्या ट्रॅक्टरशिवाय निघतात, हे मी छातीठोक सांगतो. पण होतं काय, गाडी हलत नाही म्हटल्यावर माणूस घाबरतो आणि आणखी रेस करतो. फिरणारं चाक म्हणजे ड्रिल मशीन, ते खालची वाळू मागे फेकतं आणि स्वतः खाली जातं. दहा सेकंदात अर्धं चाक आत, आणि अजून दहा सेकंदात गाडीचं पोट वाळूवर टेकतं. पोट टेकलं की खेळ बदलला, कारण आता गाडीचं वजन चाकांवर नाहीच, वाळूवर आहे, चाकाला पकड मिळणार कशी? मग तुम्ही मॅट टाका नाहीतर देवाला नारळ बोला.

म्हणून चाक फिरलं की पाय काढा, न्यूट्रल करा, सगळ्यांना खाली उतरवा आणि गुडघ्यावर बसून गाडीखाली हात घाला. फ्लोअर आणि वाळू यांच्यामध्ये तळहात आडवा जातोय का बघा. जात असेल तर पुष्कळ वेळ आहे. नसेल जात तर आधी खणायचं, बाकी सगळं नंतर. आणि हँडब्रेक सोडलाय ना ते बघा, हसू नका, हँडब्रेक ओढलेल्या गाड्या ढकलताना घामाघूम झालेली माणसं मी बघितलीत.

आता हवा. वाळूसाठी याच्याइतका रामबाण उपाय दुसरा नाही आणि टुरिस्ट माणूस नेमका तोच करत नाही, त्याला वाटतं हवा सोडली की टायर खराब होतो. रोडवर तुम्ही ३२-३३ पीएसआय ठेवता, ती वाळूत १८ वर आणायची. टायर खाली बसतो, जमिनीला टेकणारा भाग लांबट होतो, गाडीचं वजन जास्त जागेवर पसरतं आणि चाक खणण्याऐवजी वाळूवरून चालायला लागतं. उंट बघा, पाय कसा पसरट असतो, तेच. व्हॉल्व्हचं टोपण काढून किल्लीच्या टोकाने मधली पिन दाबून धरायची, एका चाकाला दीड-दोन मिनिटं लागतात. चारही चाकांची सोडा, फक्त रुतलेल्या दोन नाही, कारण मागची दोन चाकं पण वाळूत ओढतच यायचीयेत. १५ च्या खाली मात्र जाऊ नका, स्टेअरिंग जोरात कापलं तर टायर रिमवरून निसटतो आणि मग ते काम जागेवर होत नाही.

त्यानंतर खणकाम. स्टेअरिंग सरळ करा, वळलेली चाकं वाळूत नांगरासारखी अडतात. बाहेर पडायचं ते आलात त्याच चाकोरीतून मागे, कारण तुमच्याच चाकांनी ती वाळू एकदा दाबून घट्ट केलेली असते, पुढे काय आहे कुणाला ठाऊक. म्हणजे चाकांच्या मागची वाळू काढायची, आणि नुसता खड्डा नाही, हात-दीड हात लांबीचा हलका उतार करून द्यायचा, चाक त्यावरून चढत बाहेर येईल असा. शिवाय पोटाखालची वाळू. फावडं नसेल तर ताट, करवंटी, डब्याचं झाकण, काहीही.

मग सेकंड टाकून नाही, रिव्हर्सच टाकायचाय, त्यामुळे क्लच अगदी हळू सोडायचा, रेस जेमतेम. गाडीने एक वीत जरी मागे घेतलं तरी चालेल, परत चाक फिरायला लागलं की थांबा, पुढे येऊ द्या, परत मागे, असं झुलवत झुलवत ती चाकोरी लांब करत न्यायची. एकदा हलली की मग कडक जागा येईपर्यंत थांबायचं नाही, ढकलणाऱ्यांना गाडीत घ्यायला सुद्धा नाही. हे झुलवणं मॅन्युअल गाडीचं. ऑटोमॅटिक असेल तर डी-आर-डी-आर असा खेळ करू नका, दर वेळी पूर्ण थांबून मगच लिव्हर हलवा, आणि ड्युअल क्लचवाल्या गाड्या तर पाच मिनिटांत गरम होऊन वॉर्निंग देतात, त्यांना सरळ खणून काढा.

डॅशबोर्डवर घसरत्या गाडीच्या चित्राचं एक बटण असतं बघा, ट्रॅक्शन कंट्रोलचं. वाळूत ते बंद करा. चाक फिरलं की ती सिस्टिम इंजिनची ताकदच कापते, आणि वाळूत तर थोडंफार फिरतंच, मग नेमकी जोर हवा तेव्हा गाडी मरगळते. चिखलात एकच चाक फिरत असेल आणि दुसरं कडक जागेवर असेल तर मात्र चालू ठेवून बघा, कारण ती फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसऱ्याकडे ढकलते. दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या साध्या डिफरन्शियलची खोडच ती, ज्या चाकाला पकड नाही त्यालाच सगळी फिरकी, ज्याला आहे ते ढिम्म. लोक मला म्हणतात एकच चाक फिरतंय, ॲक्सल तुटला काय. नाही हो, ती अशीच असते.

कुठली चाकं ओढतात हे पण आपल्या गाडीचं माहीत असू द्या. आय-ट्वेंटी, स्विफ्ट, अर्टिगा पुढच्या चाकांवर चालतात, त्यांची डिकी आणि मागची सीट रिकामी करा. बोलेरो, ईको, क्रिस्टा मागच्या चाकांवर, तिथे उलट, सामान मागे असलेलं बरं. आणि थार म्हणजे फोर बाय फोरच, चारही चाकं ओढणारी, असं समजू नका, २०२३ पासून ती नुसत्या मागच्या चाकांवर चालणारी पण मिळते. गेल्या सीझनला असाच एक पोरगा तावातावाने वाळूत घुसला, मी विचारलं फोर-लो, म्हणजे चारही चाकांचा हळू पण ताकदीचा गिअर, टाकलं का, तर म्हणतो तो लिव्हर माझ्या गाडीत दिसत नाहीये काका.

आता तुमचं खरं चुकलं ते गाडी रुतण्याच्या आधीच चुकलं होतं, वेळ. आमच्याकडे भरतीचा हिशोब पंचांगावर करतात, तिथीची पाऊणपट. द्वादशी असेल तर १२ ची पाऊणपट ९, म्हणजे पूर्ण भरती सकाळी आणि रात्री ९ च्या सुमारास, आणि मध्ये दुपारी ३ ला पूर्ण ओहोटी. चतुर्थीला भरती ३ ला, अष्टमीला ६ ला. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण कामापुरतं बरोबर येतं, आणि दर दिवशी पाऊणएक तासाने पुढे सरकतं. आता बघा, द्वादशीच्या आसपासच्या दिवसांत टुरिस्ट जेवून झोप काढून ४-५ ला पुळणीवर येतो, समोर लांबच लांब कडक ओली वाळू, रस्त्यासारखी. तो खूश होऊन गाडी खाली घालतो, सनसेट बघू म्हणतो. पण पाणी ३ लाच फिरलेलं असतं. आणि भरती सहा तास सारखी चढत नाही, पहिला आणि शेवटचा तास रेंगाळते, मधल्या दोन तासांत एकूण चढायचं त्यातलं निम्मं पाणी चढतं. म्हणजे ५ ते ७. डिसेंबरात सूर्य ६ च्या आसपास बुडतो, फोटो काढून लोक गाडीत बसतात तेव्हा पाणी सगळ्यात जोरात असतं. आमच्यासारख्या सपाट पुळणीवर पाणी हातभर उंच झालं की आडवं वीस-पंचवीस पावलं आत येतं. त्यातून अमावास्या-पौर्णिमेचं उधाण असेल तर विचारूच नका.

ओल्या वाळूचा पण एक भुलभुलैया आहे. दमट वाळू सगळ्यात कडक, कणांमधल्या थोड्याशा पाण्याने ती एकमेकांना धरून असते, पोरं किल्ले करतात ती. सुकी वाळू सुटी, भुगा. आणि पाण्याने गच्च भरलेली वाळू तर नुसती दिसायला घट्ट, गाडी उभी करून इंजिन चालू ठेवलंत की थरथरीने पातळ होते आणि चाकं बसायला लागतात. लोक ओल्या पट्ट्यात रुततात असं वाटतं ना, निम्मे लोक रुततात ते वर सुरूच्या झाडांकडे परत येताना, तो सुका पट्टा ओलांडताना. उतरताना उताराच्या वेगाने पार होतो, चढताना नाही. मी गाडी घालायच्या आधी चालून बघतो, टाचेवर जोर देऊन. टाच जेमतेम उमटली तर ठीक, चप्पल बुडली तर नको, आणि पावलाभोवती पाणी वर आलं तर अजिबात नको. खाडीच्या मुखाजवळ तर वरून वाळू आणि खाली रेंदा, मऊ चिखल असतो, तिथे आमची बैलगाडी पण जात नव्हती. खरं तर बऱ्याच किनाऱ्यांवर गाडी न्यायला मनाईचे बोर्ड आहेत, पोलीस दंड करतात, आणि माझं मत विचाराल तर ते बरोबरच आहे. गाडी सुरूत लावा आणि चालत जा की.

एक प्रसंग सांगतो म्हणजे कळेल. पुण्याची अर्टिगा, सात माणसं, त्यात एक आजी. मी पोचलो तेव्हा आजी भेळवाल्याच्या प्लॅस्टिक खुर्चीत बसलेल्या, पाणी तीसेक पावलांवर, आणि गाडीवाले दादा अजून एकदा ट्राय करतो म्हणून रेस करतायत. पुढचा बंपर वाळूला टेकलेला, टायरचा नुसता वरचा अर्धा चंद्र दिसत होता. मी आधी चावी काढून घेतली, खरंच, हातातून. म्हटलं दादा, आता पाच मिनिटं कुणी काही करायचं नाही. हवा सोडायला दोन पोरांना बसवलं, बाकीच्यांना खणायला, माझं एक फावडं आणि भेळवाल्याची दोन स्टीलची ताटं. पोटाखाली आडवा पडून हाताने वाळू ओढली, तिथे फावडं चालत नाही, कोपरापर्यंत हात घालून बाजूला सारायची. पाणी पुढच्या चाकापासून दहा पावलांवर आलं तेव्हा गाडी हलकीशी कण्हली आणि दोन बोटं खाली बसली, म्हणजे पोट सुटलं आणि वजन चाकांवर आलं. तो आवाज ओळखीचा झालाय मला आता. मग दादांना बसवलं, चाकं सरळ, चौघं बाजूने ढकलायला, आणि गाडी पहिल्याच फटक्यात मागे निघाली, दोर बांधलाच नव्हता. ५०० रुपये घेतले आणि आजींनी बळेबळे चहा पाजला. जाताना एकाने कर्णाच्या चाकाचा जोक मारला, तो दर वेळी कुणीतरी मारतोच.

दोर लावायची वेळ आलीच तर त्यात मात्र मस्करी नको. गाडीच्या टूलकिटमध्ये, जॅकच्या शेजारी, एक लोखंडी कडीवाला बोल्ट असतो. बंपरवर छोटं चौकोनी झाकण असतं ते काढायचं आणि हा बोल्ट आत पूर्ण फिरवून पाना घालून घट्ट करायचा. दहातल्या आठ जणांना तो आपल्या गाडीत आहे हेच माहीत नसतं, आज रात्रीच शोधून ठेवा. बंपरला, सस्पेन्शनच्या आर्मला, ॲक्सलला दोर बांधू देऊ नका, ओढणारा घाईत असतो, नुकसान तुमचं. आणि ही कडी सपाट रस्त्यावर ओढण्यासाठी केलेली असते, पुरलेली गाडी उपटण्यासाठी नाही, म्हणून दोर लावण्याआधी सुद्धा खणायचंच आणि हवा सोडायचीच. दोर ताणून घ्या, मग हळू ओढा, झटका नाही. सुरुवातीच्या काळात मी वायररोपने झटका मारून एक जीप ओढली होती, शॅकल, म्हणजे दोर अडकवायची लोखंडी कडी, तुटून ट्रॅक्टरच्या हेडलाइटमधून आरपार गेला आणि माझा पुतण्या तिथून दोन हातांवर उभा होता. तेव्हापासून दोराच्या मधोमध ओलं गोणपाट टाकतो, म्हणजे तुटला तर सहसा खाली पडतो, फार उडत नाही, आणि दोराच्या दीडपट अंतरात कुणालाही उभं राहू देत नाही. ट्रॅक्टरला पण दोर खालच्या हुकलाच लावायचा, वर बांधला तर पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. बोलणी आधी करून घ्या, पैशाची आणि नुकसान झालं तर कुणाचं त्याची पण.

मॅटबद्दल. टाका, पण चाकाच्या अगदी तोंडाशी खुपसून टाका आणि कुणी त्या रेषेत उभं राहू नका, चाक पकडलं नाही तर मॅट गोळीसारखी उडून निघते. त्यापेक्षा नारळाच्या झावळ्या चांगल्या, आडव्या पसरायच्या. पेंढा, गोणपाट, दोन फूट लांब इंचभर जाड फळी, हे सगळं चालतं. फळी जॅकखाली पण लागते, नाहीतर वाळूत जॅकच खाली जातो आणि गाडी आहे तिथेच. जॅक लावून चाक उचलायचं आणि चाकाखाली भरायचं, गाडीखाली डोकं नाही घालायचं, वाळूतला जॅक कधी कलेल सांगता येत नाही.

चिखलाचं शास्त्र वेगळं. वाळूत चाक फिरवायचं नाही, चिखलात कधीकधी फिरवावं लागतं, कारण टायरच्या खाचांत माती भरली की टायर गुळगुळीत होतो, आणि थोडं जोरात फिरल्याने ती माती उडून खाचा मोकळ्या होतात. पण खाली कडक मुरूम किंवा कातळ असेल तरच, नाहीतर परत ड्रिल मशीन. आमच्या लाल मातीत खाली जांभा लवकर लागतो, दगड भरले की काम होतं. देशावरच्या काळ्या मातीत तसं नाही. माझा मेहुणा परभणीकडे असतो, पावसात पाणंद रस्त्याने गाडी नेली तर ती माती चाकाला लदत लदत मडगार्डमध्ये इतकी बसते की चाक फिरतच नाही, फुगणारी चिकण माती ती. तिथे हवा कमी करून फारसा फरक पडत नाही. काठीने खाचा आणि मडगार्ड खरवडायचं, पेंढा-पऱ्हाट्या भरायच्या, नाहीतर ट्रॅक्टर, आणि घाई नसेल तर दोन दिवस ऊन पडू द्यायचं. मेहुणा वेगळाच मार्ग पत्करतो, गाडी डांबरावर ठेवून चालत जातो.

पावसाळ्यात सगळ्यात जास्त गाड्या मी एसटीला साइड देताना गेलेल्या काढतो. गवताने झाकलेली साइडपट्टी दिसते हिरवीगार, खाली माती भिजून लोणी झालेली आणि शेजारी गटार. डावी चाकं गेली की गाडी कलते, आणि तुम्ही रेस केली की ती आणखी गटारात सरकते. तिथे कलत्या बाजूने कुणी उतरू नका, उताराच्या खालच्या बाजूला उभं राहून ढकलायला तर अजिबात नाही. खाली गेलेल्या चाकाखाली जॅक-फळीने उचलून दगड भरा आणि मागे घ्या. एसटीवाले थांबून हात लावतात बऱ्याचदा, त्यांना सवय आहे.

सामानाचं म्हणाल तर लहान फावडं, हवा बघायचा गेज, १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर, दोन फळ्या, पाच-सहा मीटरचा चांगला नायलॉन पट्टा दोन टोकांना लूप असलेला, हातमोजे, टॉर्च. कॉम्प्रेसर विसरू नका, १८ च्या हवेवर डांबरावर पळवलीत तर टायरची बाजू तापून फाटते, जवळच्या पंपापर्यंत ३० च्या स्पीडखालीच न्या.

आणि समुद्राचं पाणी चाकांना जरी लागलं असेल तरी त्याच रात्री गोड्या पाण्याने खालून धुऊन काढा, गंज चढवायला मिठाला दोन दिवस पुरतात. पाणी सीटपर्यंत गेलं असेल तर स्टार्टर मारू नका, सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि असं इंजिनचं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा धरत नाहीत, इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन आहे का ते निघायच्या आधी बघा. बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि गाडी उचलून न्या.

घरी जाताना ७०-८० च्या स्पीडला स्टेअरिंग थरथरायला लागलं तर लगेच अलाइनमेंट गेली म्हणून पैसे घालवू नका. रिमच्या आतल्या बाजूला चिखल नाहीतर ओली वाळू थापून बसलेली असते, एका बाजूला जास्त. चाकामागे हात घाला, बोटाने खरवडा, पाण्याचा जोरात फवारा मारा. माझ्या गॅरेजला अशा तक्रारी घेऊन आलेल्यांतल्या बहुतेकांचं काम पाइपच्या पाण्याने झालंय.